प्लायवूडच्या इंजिनातली संथा

संथा मला आयुष्यात दोनदा मिळाली. पहिली बालपणी, पाठशाळेत, जिथे गुरुजी एक चरण एकदा म्हणत आणि आम्ही मुले तो त्यांच्यामागून दोनदा म्हणत असू. दुसरी सत्तरी ओलांडल्यावर, कोल्हापुरात आमच्या गल्लीतल्या तरुण मंडळाच्या हॉलमध्ये, प्लायवूड आणि पत्रा जोडून उभारलेल्या एका इंजिनात. पहिलीचा आरंभ नमस्काराने झाला होता. दुसरीचा भांडणाने झाला.

त्या हॉलची मागची भिंत माझ्या देवघराला लागून आहे. एका सकाळी मी जपाला बसलो असता भिंतीपलीकडे आगगाडीची शिट्टी वाजली. ध्वनिमुद्रित नव्हे, हवेच्या दाबाने वाजणारी खरी शिट्टी, इतकी की समईची ज्योत हलल्याचा मला भास झाला. दुसऱ्या दिवशी त्याच मिनिटाला पुन्हा. तिसऱ्या दिवशी मी उपरणे खांद्यावर टाकले आणि जाब विचारायला गेलो.

आत पन्नाशीचे एक गृहस्थ आणि शेजारी त्यांच्या पत्नी पाठमोरे बसले होते. समोर तीन पडदे, त्यांत रूळ, दोन्ही बाजूंना ऊस. हाताशी पितळी मुठीचा एक दांडा, शेजारी ब्रेकचा दुसरा, वर दाबमापकांची रांग. आसन एखाद्या भंगारात निघालेल्या बसचे असावे, आणि ते संथपणे थरथरत होते. मी बोलायला तोंड उघडले, तर त्या गृहस्थांनी मागे न पाहता डावा हात उंचावून मला थांबवले. पडद्यावर रुकडी स्थानक येऊन गाडी थांबेपर्यंत मी तसाच उभा राहिलो. मग ते उठले, वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "गुरुजी, गाडी इथं दोनच मिनिटं थांबती. बोला."

"आपल्या शिट्टीने माझ्या जपात व्यत्यय येतो."

"वळीवड्याच्या म्होरं फाटक हाय. बिनशिट्टीचं कसं जाऊ?"

"ते फाटक पडद्यावर आहे. तिथे कोणी नाही."

 उर्मटपणाचा लवलेशही त्यांच्या स्वरात नव्हता. "तुमी पूजंत घंटा वाजवता, तवा म्होरं कोण असतंय ऐकायला?"

"देव असतो."

"मग झालं की. तुमचं तुमाला ठावं, माझं फाटक मला ठावं." घड्याळाकडे पाहून ते पुन्हा आसनावर बसले, आणि गाडी निघाली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या घरी एक कागद आणून दिला. त्यावर सकाळच्या फेरीत शिट्टी किती वाजून किती मिनिटांनी वाजणार, ते सुवाच्य अक्षरांत लिहिले होते. शिट्टी लहान करायला मात्र त्यांनी नकार दिला. मी जपाची वेळ बदलली. कोण कोणापुढे नमले, हा प्रश्न मी तेव्हा मनात येऊ दिला नाही.

गल्लीत त्यांना 'डायवर' म्हणत, आणि ती थट्टा होती. व्यवसायाने ते लेथवर काम करणारे टर्नर. कागलच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात त्यांची कायम दुपारची पाळी असे. जन्म रुकडीच्या एका जैन शेतकरी घरातला, त्यामुळे पाळीवर असले तरी सूर्य मावळण्यापूर्वी डबा संपवायचा हा नेम. तरुणपणी त्यांनी सहायक इंजिनचालकाची लेखी परीक्षा दिली होती आणि ते तीत उत्तीर्णही झाले होते. मग डोळे तपासले गेले. "ठिपक्याचं पुस्तक म्होरं धरलं. ठिपक्यात आकडा हाय म्हणले. मला काय दिसला न्हाय." एवढेच ते त्याविषयी सांगत, आणि ज्याने ते पुस्तक पुढे धरले त्याला त्यांनी कधी दोष दिल्याचे मी ऐकले नाही. "बरोबर केलं त्येनं. लाल-हिरवं ज्येला येगळं दिसत न्हाय, त्येच्या म्हागं हजार माणसं बसवायची काय?"

पण गाडी चालवण्याचे त्यांनी सोडले नाही. जी गोष्ट त्यांना न्याय्य रीतीने नाकारली गेली होती, ती त्यांनी तितक्याच न्याय्य रीतीने स्वतः उभी केली. सुट्टीच्या दिवशी कोल्हापूर ते मिरज पॅसेंजरने जायचे, खिडकीतून चित्रण करायचे, वहीत नोंदी करायच्या, आणि घरी येऊन संगणकावर तो मार्ग रुळारुळाने आखायचा. ही विद्या त्यांना कोणी शिकवली नव्हती. दांड्यांच्या मुठी त्यांनी स्वतः लेथवर कातल्या, दाबमापक उद्यमनगरच्या भंगारातून निवडून आणले, आसनाखाली धुलाईयंत्राची जुनी मोटर एका बाजूला वजन लावून बसवली, रुळांची थरथर यावी म्हणून. अशा यंत्राला सिम्युलेटर म्हणतात, हे मला पुढे कळले. त्यांनी तो शब्द कधी वापरला नाही. ते 'गाडी' म्हणत.

लोहमार्गावर विजेचे खांब आले, तेव्हा त्यांनी डिझेलचे इंजिन मोडून विजेचे बांधायला घेतले आणि पडद्यावरच्या मार्गावर एकेक खांब उभा केला. निमशिरगावजवळचे एक झाड कोणी तोडल्याचे त्यांना प्रवासात दिसले. दुसऱ्या दिवशी पाळीवर जाण्यापूर्वी त्यांनी ते झाड आपल्या मार्गावरूनही काढले, आणि दोन दिवस ते कोणाशी नीट बोलले नाहीत.

त्यांच्या पत्नी एकदा मला म्हणाल्या, "बाकीच्यांचं नवरं कुठं कुठं जात्यात गुरुजी, आमचं मिरजंला जातंय. येळंवर परत येतंय. आणि काय पायजे?"

पंचगंगेला महापूर आला, पुलावरून पाणी चालले आणि लोहमार्ग बंद पडला, त्या दिवसांत यांचीही गाडी वळीवड्याला उभी राहिली. यंत्र सुरू, दिवे सुरू, आणि ते रोज सकाळी नेमाच्या वेळी येऊन आसनावर बसत, पाळीची वेळ झाली की उठत. गल्लीतली मंडळी खिडकीतून डोकावत.

"ओ डायवर, हॉलात कुठं पाणी आलंय?"

"पुलावर आलंय," ते समोर पाहत म्हणत.

कुणी हसले तरी त्यांचा हात दांड्यावरून ढळत नसे. त्या दिवसांत मी प्रथम त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. काही न करता नेमाने बसून राहणे हे मला अपरिचित नव्हते.

मी त्यांचा सहायक झालो तो तिथूनच. खऱ्या इंजिनात दोघे असतात. सिग्नल दिसताच सहायकाने त्याचा रंग मोठ्याने उच्चारायचा आणि चालकाने तो त्याच्यामागून उच्चारायचा, हा तिथला दंडक आहे. यांना रंग कळत नसल्यामुळे सहायकाशिवाय गाडी हलत नसे. पूर्वी पत्नी बसत; त्यांना सकाळची कामे असत. मी रिकामा होतो, आणि उच्चार हाच माझा जन्माचा व्यवसाय.

एकदा मी त्यांना म्हणालो, "संगणकात रंग आपल्या हाती आहेत. लालाच्या जागी निळा घाला, आपल्याला एकट्याने चालवता येईल."

"मग ती माझी गाडी हुईल. मिरजंची राहणार न्हाय."

"वरचा दिवा की खालचा, एवढ्यावरूनही ओळखता येईल."

"धुक्यात वरचा-खालचा कळत न्हाय गुरुजी, नुस्ता ठिपका दिसतो. अंदाजानं चालवायची तर डोळं मिटूनच चालवीन की." आणि खरोखरच, त्यांनी सिग्नल आखले होते ते दूर अंतरावरच्या एकुलत्या ठिपक्यासारखे. आपल्याला ज्या ठिपक्यांनी अडवले होते, तेच त्यांनी स्वतःच्या वाटेवर पुन्हा पेरून ठेवले होते. कोणता सिग्नल केव्हा कोणता रंग दाखवील, हेही त्यांनी संगणकाच्या सोडतीवर सोडले होते. ते आम्हा दोघांनाही आधी ठाऊक नसे.

मी म्हणे, "हिरवा." ते म्हणत, "हिरवा." मला हे विचित्र वाटे. गाडी त्यांची, विद्या त्यांची, आणि शिष्यासारखे मागून म्हणणारेही तेच. मी तसे बोलून दाखवले. ते म्हणाले, "इथं जो बघतो त्यो गुरू. जो चालवतो त्येनं म्हागनं म्हणायचं."

तो हॉल मंडळाचा होता आणि त्यांना तो विनामूल्य मिळाला होता. घर दोन खोल्यांचे. तिथे ते यंत्र मावणे अशक्य. मंडळाचे अध्यक्ष दुधाचा व्यवसाय करणारे, मोठ्या आवाजाचे, मनाने वाईट नसलेले गृहस्थ. ते यांना 'मामा' म्हणत. एका श्रावणात ते हॉलमध्ये आले आणि म्हणाले, "मामा, औंदा गणपतीला तुमची गाडी देखावा. पब्लिकला खुर्च्या मांडतो. गाडी निघाली, पंचगंगंचा पूल आला, पूर आलाय, धाडकन पूल तुटला, गाडी पाण्यात, आणि मग गणपती सोंडंनं उचलून घेतोय. रांग कशी लागती बघा."

"माझी गाडी पडत न्हाय," हे म्हणाले.

"आवो, शेवटाला वाचतीच की."

"पडली तर वाचवायची. पडतच न्हाय तर कशाला वाचवायची? धा दिवस सकाळधरनं मावळतीपर्यंत चालवतो, रजा काढतो. ज्येला बसायचं त्येला मिरजंला न्हेतो आणि परत आणतो. पाडणार न्हाय."

अध्यक्ष बराच वेळ वाद घालून गेले आणि दोन दिवसांनी तेवढ्यावर तयार झाले. गल्लीच्या तोंडाशी 'चला मिरजेला' असा फलक लागला. त्यावर इंजिनाचे चित्र होते. पाळीवर जाताना ते त्या फलकाखाली थांबून तो न्याहाळत. ज्या नावाने लोक त्यांना चिडवत आले, ते नाव प्रथमच आदराने उच्चारले जाणार होते, आणि त्यांना ते हवे होते. ते कधी म्हणाले नाहीत. पण इस्त्रीला टाकलेले दोन पांढरे सदरे मी पाहिले.

आणि गणेशचतुर्थीला दोन आठवडे उरले असता माझ्या हातून तो प्रमाद घडला.

पाठांतर हा माझा गुण आहे, आणि त्या सकाळी तोच माझा दोष झाला. त्या मार्गावर आम्ही इतक्या वेळा गेलो होतो की सिग्नलांची सारी परंपरा मला मुखोद्गत झाली होती. सोडत असली तरी हातकणंगल्याला गाडी बहुधा हिरवा घेऊनच शिरे. मी डोळे उघडे ठेवून बसलो होतो, पण पाहत नव्हतो, म्हणत होतो. आधीचा पिवळा होता, मी हिरवा म्हटला. मग स्थानकाच्या तोंडाशी असतो तो सिग्नल आला, ज्याला होम म्हणतात. "होम, हिरवा," मी म्हणालो. "होम, हिरवा," ते म्हणाले. आणि ठिपका मागे गेल्यावर पडद्याच्या कोपऱ्यात अक्षरे उमटली की गाडीने लाल ओलांडला आहे.

त्यांनी ब्रेक ओढला. आसनाची थरथर थांबली.

 सहा दशकांहून अधिक काळ ज्या वाणीची शुद्धी मी जपली, तिने न पाहिलेले पाहिल्यासारखे म्हटले होते. मी म्हणालो, "अपराध माझा आहे. मी पाठ म्हणत होतो, पाहत नव्हतो."

त्यांनी खणातून एक नोंदवही काढली, वेळ आणि ठिकाण लिहिले, खाली स्वतःची सही केली. माझे नाव लिहिले नाही. "लाल ओलांडला की डायवर घरी बसतो, गुरुजी. मी आपल्या गाडीला तीस दिवस लावून घेतल्यात. पहिल्या दिवशीच वहीत लिवून ठेवलंय, बघा." त्यांनी वहीचे पहिले पान दाखवले. तसे लिहिलेच होते.

"परंतु चुकीचे म्हणालो मी."

"म्हागनं मी म्हणालो की. म्हागनं म्हटलं म्हंजे घेतलं."

पाठशाळेत इतक्या वर्षांत हा अर्थ मला कोणी सांगितला नव्हता.

त्यांनी यंत्र बंद केले आणि त्यावर चादर घातली. तीस दिवसांत गणेशोत्सव पूर्ण बुडत होता. मी त्यांना ते सांगितले. हॉलमध्ये आम्हा दोघांखेरीज कोणी नव्हते आणि घडलेले कोणालाही कळणे शक्य नव्हते, हेही मी सांगितले. ते सांगितल्याची लाज मला आजही वाटते. ते म्हणाले, "पुस्तकात आकडा मला दिसला न्हाय, तवाबी खोलीत दोघंच हुतो. मी अंदाजानं आकडा सांगितला असता तर चाललं असतं काय?"

अध्यक्षांना कळले तेव्हा त्यांचा आवाज दोन गल्ल्यांपलीकडे गेला असेल. "मामा, काय चाललंय तुमचं? फलक लागलाय. वर्गणीला फिरलोय त्येच्यावर. आणि कुणी मेलंय काय? खेळण्यातली गाडी ती."

"गाडी बंद हाय."

"मग हॉलबी बंद हाय म्हणायचं का मी?"

"तुमचा हॉल हाय. तुमी म्हणू शकताय."

"कुठं न्हेणार हे सगळं? हितनं हललं तर भंगारातच जातंय, सांगून ठेवतो."

"व्हय," ते म्हणाले. "पण तीस दिवसांच्या आत चालणार न्हाय."

मग अध्यक्ष माझ्याकडे आले. "गुरुजी, तुमचं ऐकतंय त्ये. सांगा की जरा. खेळण्याला कसली आलीया शिक्षा?"

त्या मंडळाच्या गणपतीची प्रतिष्ठापना गेली कित्येक वर्षे मीच करीत आलो होतो. मी त्यांना बसायला सांगितले आणि म्हणालो, "शाडूची मूर्ती तुम्ही कुंभारवाड्यातून उचलून आणता. मी तिच्यात प्राणप्रतिष्ठा करतो. तेव्हा 'ही तर मातीच' असे तुम्ही मला कधी म्हणाला आहात काय?"

"त्ये येगळं, गुरुजी."

"वेगळे कसे, तेवढे मला समजावून सांगा. मग मी त्यांना सांगतो."

त्यांनी चहा संपवला.  जाताना म्हणाले, "तीस झाल्यावर एकतिसाव्या सकाळी टेम्पो घेऊन येतो. हॉल मोकळा पायजे."

त्या उत्सवात हॉलमध्ये घाईघाईने दुसरा देखावा लागला, चादरीखालचे इंजिन पडद्याआड ढकलले गेले, आणि मी प्रतिष्ठापना नेहमीसारखी केली. गल्लीत त्यांना 'सस्पेंड डायवर' असे नवे नाव पडले. ते रोज सकाळी आपल्या उंबऱ्यावर रिकामे बसत, आणि जाणाऱ्या-येणाऱ्याने त्या नावाने हाक मारली तर "व्हय" म्हणत. मीही तेवढा वेळ त्यांच्या शेजारी बसे. लोकांनी मलाही पाहावे, अशी माझी इच्छा होती.

आज ती गाडी रुकडीला, त्यांच्या बहिणीच्या शेतातल्या एका गोठ्यात उभी आहे. म्हशींनी अर्धी जागा दिली, असे ते सांगतात. तिथून खरा लोहमार्ग ऐकू येण्याइतका जवळ आहे. गुडघ्यांमुळे माझे तिथे जाणे आता होत नाही. त्यांच्या बहिणीने सिग्नल म्हणायचे शिकून घेतले आहे. पण मला स्मरते ती एकतिसावी सकाळ.

टेम्पो दाराशी उभा होता. अध्यक्ष आणि मंडळाची पाचसहा मुले पाने-पकडी आणि दोर घेऊन आली होती. हे इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले, चादर काढून तिची घडी केली आणि म्हणाले, "एक फेरी. मग खोला."

अध्यक्षांनी घड्याळ पाहिले. "व्हय, पण बिगीबिगी."

"बिगीबिगी पॅसेंजर न्हाय."

गाडी निघाली. गूळ मार्केट, वळीवडे. फाटकापाशी शिट्टी वाजली, आणि पोरांतला एक जण दचकून मागे सरला. पूल ओलांडला, पूल पडला नाही. रुकडी. मी प्रत्येक ठिपका, माझ्या मुखातला सारा पाठ बाजूला सारून, पहिल्यांदाच पाहत असल्यासारखा पाहत होतो. आणि हातकणंगल्याला होम आला.

"होम, लाल," मी म्हणालो.

"होम, लाल." गाडी थांबली.

पाच मिनिटे गेली. दहा गेली.

"किती येळ, मामा?" अध्यक्षांनी विचारले.

"सिग्नल देईपर्यंत."

"कोण देतंय?"

"त्येला ठावं."

"तेवढं बटण दाबा की कायतरी. टेम्पोचं भाडं चढतंय."

त्यांचा दांड्यावरचा हात स्थिर होता. मुलांनी दोर खाली ठेवले. एक जण खुर्ची ओढून बसला, मग दुसरा. अध्यक्ष काही काळ येरझारा घालत राहिले आणि शेवटी माझ्या आसनामागे येऊन, नकळत, त्या लाल ठिपक्याकडे पाहू लागले.  एवढी माणसे इतकी निश्चल मी त्या हॉलमध्ये आरतीलाही कधी पाहिली नव्हती.

मग ठिपका बदलला.

"पिवळा," अध्यक्ष माझ्या डोक्यावरून ओरडले. "मामा, पिवळा झालाय, चला." मुलेही म्हणाली, "पिवळा, पिवळा."

गाडी हलली नाही. ते समोर पाहत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर घाई नव्हती, राग नव्हता, विजयही नव्हता.

"गुरुजी," ते म्हणाले, "तुमी बघा."

मी चष्मा काढला, उपरण्याने पुसला, पुन्हा घातला.  मी पाहिले. पुन्हा एकदा पाहिले.

"होम, पिवळा."

"होम, पिवळा," ते माझ्यामागून म्हणाले, आणि दांडा पुढे सरकला.